एमईआयच्या तयारीसाठी पायपर सेमिनोल: विमान कसं आहे?

अमेरिकेत मल्टी-इंजिन इन्स्ट्रक्टर (एमईआय, म्हणजे एकाहून जास्त इंजिनांची विमानं शिकवणारा) व्हायचं तर त्या वर्गाच्या विमानात किमान १५ तास पायलट-इन-कमांड (उड्डाणाचा जबाबदार वैमानिक) म्हणून लागतात. त्यासाठी पीए-४४ सेमिनोल हे उत्तम विमान आहे. १८० अश्वशक्तीची दोन इंजिनं, व्हीएमसी (एक इंजिन बंद पडलं तरी दिशा ताब्यात राहील असा किमान वेग) ५६ नॉट, ब्लू लाइन (एका इंजिनावर सर्वात चांगल्या चढणीचा वेग) ८८. चुकीला बऱ्यापैकी सांभाळून घेतं.

पण हाच सांभाळूनपणा शिकवताना आड येतो. दोन्ही पंखे (प्रोपेलर) उलट दिशांनी फिरतात, त्यामुळे क्रिटिकल इंजिन, म्हणजे जे बंद पडलं तर विमान सांभाळणं जास्त अवघड जातं, असं नाहीच. ते फळ्यावरच समजावावं लागतं.

खरी कसोटी व्हीएमसी डेमोची, म्हणजे एका इंजिनाची ताकद काढून वेग कमी करत दिशा सुटू लागते ते दाखवायचं आणि सावरायचं. उंचीवर इंजिनाची ताकद घटते, तशी व्हीएमसीही खाली येते. स्टॉलचा (पंखांची उचल तुटण्याचा) वेग मात्र तोच राहतो. मग दिशा सुटण्याआधी स्टॉल वॉर्निंग वाजते. अशा वेळी इन्स्ट्रक्टरने रडर (शेपटीचं सुकाणू) पेडलच्या मागे पाय धरून त्याची हालचाल अडवायची, म्हणजे दिशा लवकर सुटते. विमान वळू लागलं की लगेच चालू इंजिनाची पॉवर कमी आणि नाक खाली. वॉर्निंग आधी वाजली तरी तिथेच थांबायचं, पुढे ताणायचं नाही.

फेदरिंगलाही, म्हणजे बंद इंजिनाच्या पंख्याची पाती वाऱ्याला समांतर वळवून ओढ कमी करायलाही, दिरंगाई चालत नाही. ९५० आरपीएमच्या खाली लॉक पिना बसतात आणि पंखा फेदर होत नाही.

एका इंजिनावर चढण अगदीच बेताची. उन्हाळ्यात दोघं भरभक्कम असतील तर इंधन कमी भरा.