केंब्रिजचे ‘डॉइटपॉम्स’: धातुशास्त्राच्या शिक्षकाचा अभिप्राय

केंब्रिज विद्यापीठाच्या मटेरिअल्स सायन्स अँड मेटलर्जी या विभागाने ‘डॉइटपॉम्स’ या काहीशा विचित्र नावाखाली आपले अध्यापन साहित्य इंटरनेटवर सर्वांसाठी विनामूल्य खुले ठेवले आहे. अभियांत्रिकीच्या द्वितीय वर्षाला भौतिक धातुशास्त्र शिकवताना मी ते अनेक वर्षे वापरत आलो आहे.

या संग्रहाचा मुख्य भाग म्हणजे एकेका विषयावरील स्वतंत्र पाठ. प्रत्येक पाठाच्या आरंभी त्याची उद्दिष्टे आणि आवश्यक पूर्वज्ञान सांगितलेले असते, तर शेवटी प्रश्न दिलेले असतात. मला सर्वाधिक उपयोगी पडला तो जॉमिनी चाचणीचा पाठ. सुमारे 25 मिमी व्यासाची आणि 100 मिमी लांबीची पोलादी कांडी लालबुंद तापवून उभी टांगायची, तिच्या फक्त खालच्या टोकावर पाण्याचा फवारा सोडायचा आणि ती थंड झाल्यावर त्या टोकापासून वरपर्यंत ठरावीक अंतरांवर कठिणता मोजायची, एवढीच ही चाचणी आहे. तरीही ‘कठिणता’ आणि ‘कठिणीकरणक्षमता’ यांतील फरक विद्यार्थ्यांच्या गळी उतरवताना दरवर्षी माझी दमछाक होत असे. पोलाद जास्तीत जास्त किती कठीण होईल हे मुख्यतः कार्बनवर अवलंबून असते, पण ती कठिणता किती खोलवर पोहोचेल हे क्रोमियम, मॉलिब्डेनमसारख्या मिश्रक मूलद्रव्यांमुळे बदलते, हे साध्या कार्बन पोलादाचा आणि मिश्र पोलादाचा आलेख शेजारी शेजारी ठेवल्यावर त्यांना पटकन उमगते.

डिसलोकेशनच्या, म्हणजे स्फटिकातील अणूंच्या मांडणीत पडलेल्या रेषीय दोषाच्या, पाठात साबणाच्या पाण्यावरील एकसारख्या बुडबुड्यांचा थर स्फटिकाची प्रतिकृती म्हणून दाखवला आहे. ही युक्ती केंब्रिजचीच असून ब्रॅग आणि नाय या शास्त्रज्ञांनी ती 1947 साली प्रसिद्ध केली होती. ताटलीतल्या बुडबुड्यांच्या रांगा सरकताना पाहिल्या की स्फटिकातले अणूंचे अख्खे प्रतल एकदम घसरत नाही, हे वेगळे सांगावे लागत नाही.

मात्र माझ्या मते या विभागाची खरी देणगी म्हणजे मायक्रोग्राफचा, म्हणजे सूक्ष्मदर्शकातून घेतलेल्या छायाचित्रांचा, संग्रह. आमच्याकडे वर्षानुवर्षे फिरणाऱ्या झेरॉक्स नोट्समध्ये पर्लाइट आणि मार्टेन्साइट या पोलादाच्या दोन वेगळ्या अंतर्गत रचना असूनही दोन्ही सारखेच काळे डाग दिसतात, आणि चित्राखाली ना प्रमाणपट्टी असते ना एचिंगचा (रचना दिसावी म्हणून पृष्ठभागावर केलेल्या रासायनिक प्रक्रियेचा) उल्लेख. येथे छायाचित्रासोबत मिश्रधातूची घटकमात्रा, तिच्यावर झालेली प्रक्रिया, नमुना कसा तयार केला आणि कोणत्या तंत्राने पाहिला याच्या नोंदी मिळतात. चित्र ओळखण्याआधी त्याचा इतिहास विचारायचा असतो, ही सवय विद्यार्थ्यांना याच नोंदींमुळे लागली. आता ते माझ्याच नमुन्याविषयी ‘सर, नायटल किती टक्क्यांचे वापरले?’ असे एचिंगच्या द्रावणाबद्दल विचारतात.

मर्यादाही आहेत. काही पाठ, विशेषतः व्यस्त अवकाशाचा (स्फटिकरचनेच्या अभ्यासातली ‘रेसिप्रोकल स्पेस’ ही गणिती संकल्पना), गणिताची पक्की बैठक गृहीत धरतात, त्यामुळे ते विद्यार्थ्यांच्या हाती थेट न देता शिक्षकाने आधी स्वतः सोडवून घ्यावेत. शिवाय सूक्ष्मदर्शकासाठी एमरी पेपरवर (घासकागदावर) नमुना घासताना दर टप्प्याला तो नव्वद अंशांत फिरवायचा आणि आधीचे ओरखडे पूर्ण जाईपर्यंत पुढचा कागद घ्यायचा नाही, हे बोटांनाच शिकावे लागते. पडद्यावरचे चित्र पाहून प्रात्यक्षिकाला सुट्टी देण्याचा मोह महाविद्यालयांनी टाळावा.

साहित्य इंग्रजीत आहे, पण क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्यानुसार श्रेय देऊन, व्यापारी हेतू न ठेवता आणि त्याच परवान्याखाली त्याचे भाषांतर करता येते. डिप्लोमाहून थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्या मुलांसाठी मी जॉमिनीच्या पाठाचे मराठी टिपण केले असून, त्यात ‘क्वेंचिंग’ला (तापलेले पोलाद झटकन थंड करण्याला) प्रतिशब्द न शोधता कारखान्यातला ‘पाणी देणे’ हाच शब्द ठेवला आहे.