पाच दिवसांचा अंदाज की तीन तासांचा इशारा?

मार्चमध्ये ढग भरून आले की सांगली जिल्ह्यातील तासगाव, कवठेमहांकाळ भागातील बेदाणा उत्पादकाच्या पोटात गोळा येतो, कारण द्राक्षे रॅकवर वाळायला साधारण पंधरा-वीस दिवस लागतात आणि तेवढ्यात एक सर जरी आत शिरली तरी माल काळा पडतो. अशा आठवड्यात हवामान विभागाचा पाच दिवसांचा जिल्हानिहाय अंदाज पाहावा की तीन तासांपुरता तात्कालिक इशारा?

जिल्हानिहाय अंदाजामुळे काढणी पुढे ढकलता येते, मजूर आधी सांगून ठेवता येतात. मात्र शिराळ्याचा डोंगराळ पश्चिम भाग आणि जतचे कोरडे माळरान यांना तो एकाच रंगात रंगवतो. शिवाय ‘तुरळक ठिकाणी’ याचा अर्थ फार तर पाव भागात पाऊस, हे अनेकांना ठाऊक नसते. इशाऱ्याचा पिवळा रंग दिसूनही आपल्या शिवारात थेंब पडला नाही, म्हणून अंदाज चुकला असे म्हणणे अन्यायाचे आहे.

वळवाचे ढग दुपारच्या उन्हाने तास-दोन तासांत उभे राहतात. ते नेमके कुठे फुटतील हे चार दिवस आधी सांगता येत नाही. रडार आणि उपग्रहावरून दिलेला तात्कालिक इशाराच तिथे उपयोगी पडतो. तेवढ्या वेळात शेडच्या बाजूंचे कागद सोडून दोऱ्या आवळता येतात, परंतु तोडलेली द्राक्षे पुन्हा वेलीवर जात नाहीत. म्हणून तोडणीचा निर्णय मी पाच दिवसांच्या अंदाजावरच सोपवीन, आणि एकदा माल रॅकवर चढला की दुपारी दोननंतर फोन हाताशी ठेवीन.