दोऱ्यांची पिशवी, चुंबकाची वाटी, स्प्रिंगची कात्री: मशीनवर गोधड्या शिवताना काय उपयोगी पडलं

गेल्या दिवाळीनंतर तीन वस्तू एकदम मागवल्या होत्या. टेबलाच्या कडेला लटकणारी दोऱ्यांची पिशवी, जिच्या डोक्यावर टाचण्यांची गादी असते ती. टाचण्यांसाठी चुंबकाची वाटी. आणि बोटात धरून कटकट चालवायची स्प्रिंगची छोटी कात्री, जिला दुकानात थ्रेड कटर म्हणतात. तिन्ही मिळून हजाराच्या आत. तेव्हापासून आत्ताच्या पावसाळ्यापर्यंत या वस्तूंनी मोठ्या गोधड्याही पाहिल्या आणि बाळंतविड्यातली दुपटीही, त्यामुळे आता लिहायला हरकत नाही.

मशीन माझं उषा जनोमचं साधं घरगुती आहे, कॉम्प्युटर वगैरे काही नाही. टेबल सनमायकाचं. खोलीत डोक्यावर पंखा. हे मुद्दाम सांगते, कारण पुढच्या निम्म्या तक्रारी या तीन गोष्टींतून आल्या आहेत.

आधी पिशवी, कारण सगळ्यात जास्त पैसे तिचे होते. ठिगळं जोडताना ती फार सोयीची. एकामागोमाग एक तुकडे शिवत जायचं, मधले दोरे कातरायचे आणि हात न हलवता खाली सोडायचे. संध्याकाळी जमिनीवर काही नसतं. पूर्वी आमच्याकडे घरभर पायाला दोरे चिकटून फिरायचे, देवघरापर्यंत. फिरत्या खुर्चीच्या चाकांत तर इतके गुंडाळले जायचे की चाक फिरायचं थांबायचं आणि ब्लेडने कापून काढावे लागायचे. ते पूर्ण बंद झालं.

गोधडी मशीनखाली गेली की मात्र सगळा हिशेबच बदलतो. जाहिरातीतल्या फोटोत मशीनसमोर रुमालाएवढं कापड असतं आणि पिशवी पुढच्या कडेला ऐटीत लटकलेली असते. आता साठ बाय नव्वद इंचाची सिंगल बेडची गोधडी डोळ्यांसमोर आणा: वरचा थर, मधला कापूस किंवा पॉलिफिल (पॉलिएस्टरचा कृत्रिम कापूस), खालचं अस्तर. घरगुती मशीनच्या सुईपासून उजवीकडच्या खांबापर्यंत जेमतेम साडेसहा-सात इंच जागा. त्यात अर्ध्या गोधडीची गुंडाळी कोंबायची, उरलेली अर्धी डावीकडे आणि मांडीवर. ती सतत पुढेमागे सरकत असते. टेबलावर जे जे असेल ते ती केरसुणीसारखं लोटत नेते: कात्री, खडू, बॉबिनची डबी, चष्मा. पुढच्या कडेची पिशवी तर पहिल्या दहा मिनिटांतच मांडीवर येऊन पडते, आतल्या दोऱ्यांसकट.

म्हणून माझी पिशवी आता मशीनच्या उजव्या बाजूला, हाताने फिरवायच्या चाकाच्या पलीकडे, टेबलाच्या उजव्या कडेला असते. तिकडे कापड जात नाही. उजवा हात नाहीतरी चाकाकडे जातोच, सुई खाली-वर करायला. फक्त मशीन टेबलाच्या अगदी टोकाला असेल तर ही जागा मिळत नाही, मग मशीन वीतभर डावीकडे सरकवावं लागतं. टेबलच लहान असेल तर पिशवीच्या नादी लागू नका. मशीनच्या खांबाला पुढून मास्किंग टेप उलटी करून चिकटवा, चिकट बाजू वर. दोरे तिला लावत जायचे, भरली की ओढून फेकायची. फुकटात काम होतं.

पिशवीच्या घडणीबद्दल तीन तक्रारी. एक, वरच्या गादीत नुसता पॉलिफिल होता, त्यामुळे वजनच नाही आणि लांब टाचणी आरपार जाऊन टेबलाला टोचते. मी एक बाजू उसवली, बारीक वाळू धुऊन, कढईत कोरडी भाजून, जाड कापडाच्या आतल्या थैलीत भरली आणि परत शिवली. दोन, सनमायकावर ती घसरते. स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरमध्ये घालतात त्या जाळीदार रबरी मॅटचा तुकडा तळाला शिवला, तेव्हा स्थिर झाली. तीन, तोंड उघडं राहावं म्हणून घातलेली प्लास्टिकची पट्टी उन्हाळ्यातच वाकली आणि पिशवीने तोंड मिटलं. वरून पंखा चालू असताना मिटल्या तोंडाच्या पिशवीत दोरा टाकून बघा, तो तुमच्या केसांत सापडेल. पट्टी काढून तिथे भरतकामाची चार इंची लाकडी रिंग बसवली आहे. एवढं सगळं केल्यावर मनात येतंच की ही पिशवी घरी शिवली असती तर चिंध्यांच्या खर्चात झाली असती. विकत घ्यायची असेल तर गादी हातात घेऊन वजन बघा, हलकी लागली तर तिथेच ठेवा.

चुंबकाच्या वाटीबद्दल तक्रार जवळपास नाही. गोधडीचे तीन थर पकडायला मी वाकड्या सेफ्टी पिना लावते, मुठीएवढ्या अंतरावर. सिंगल बेडच्या गोधडीला त्या सहज तीनशेपर्यंत जातात. शिवत पुढे सरकताना सुईच्या वाटेत आलेली पिन काढायची, आणि ती काढताना डावा हात कापडावरच असतो. साध्या डबीत पिन नेमकी टाकायला मान वळवावी लागते. चुंबकाच्या वाटीकडे नुसती भिरकावली तरी ती जाऊन चिकटते. रात्री टेबलाखाली वाटी उलटी धरून फिरवली की सांडलेल्या टाचण्याही वेचल्या जातात. घरात रांगतं मूल असेल तर एवढ्यासाठीसुद्धा ती घ्यावी.

दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवा. अस्सल पितळेच्या पिना चुंबकाला चिकटत नाहीत. रविवार पेठेतून आणलेल्या माझ्या सोनेरी पिना टपाटप चिकटल्या, म्हणजे आत लोखंड आणि वर नुसता मुलामा. ओल धरली की तो मुलामा उतरतो आणि पांढऱ्या कापडावर गंजाचा ठिपका उमटतो, जो निघता निघत नाही. म्हणून अशा पिना गोधडीत आठवडेच्या आठवडे लावून ठेवायच्या नाहीत, पावसाळ्यात तर नाहीच. दुसरं, कात्री वाटीत ठेवू नका. काही दिवसांत तिच्यातही चुंबकत्व उतरतं, मग तिच्या टोकाला टाचण्या लोंबायला लागतात आणि बारीक दोरा कापताना नेमकी एक मध्ये येते. कॉम्प्युटरचं मशीन असणाऱ्यांनी आधी माहितीपुस्तिका वाचावी, काही कंपन्या चुंबक लांब ठेवायला सांगतात.

जाता जाता एक: काढलेल्या सेफ्टी पिना बंद करत बसू नका. उघड्याच वाटीत ठेवायच्या, पुढच्या गोधडीला त्या उघड्याच लागतात. लावताना पिनेचं टोक उचलायला चहाच्या चमच्याची कड वापरली तर नखं वाचतात.

आता कात्री. हत्यार चांगलं आहे, धारही टिकली आहे. प्रश्न धारेचा नाही, ती सापडण्याचा आहे. गोधडीच्या घड्यांखाली जाऊन बसलेली कात्री शोधायला सगळा पसारा उचलावा लागतो, आणि उचलला की सुईखालची ओळ हलते. गळ्यात फितीने अडकवून पाहिली. पुढे वाकलं की ती कापडावर घासते, शिवाय तिची पाती उघडीच असतात, त्यामुळे शिवलेल्या गोधडीवर ती लोंबू देणं मला परवडणारं नाही. मग मुलाच्या जुन्या ऑफिसातली आयकार्डाची रीळ हाती लागली, ओढली की दोरी बाहेर येते, सोडली की आत जाते ती. ती उजव्या खांद्याजवळ, ओढणी पिनअप करतो तिथे लावली. कात्री खेचायची, दोरा कापायचा, सोडून द्यायची. ती खांद्यापाशी जाऊन बसते, कापडापर्यंत पोचतच नाही. पात्यांच्या टोकाला जाड रबरी नळीचा तुकडा घातला आहे. रीळ मात्र मजबूत स्प्रिंगची हवी. स्वस्तातली कात्रीच्या वजनाने हळूहळू खाली उतरत जाते, आणि मग गळ्यातली फीत काय वाईट होती.

मशीनच्या डोक्याला डाव्या अंगाला दोरा कापायची खाच असते, ती बऱ्याचजणी विसरतात. ओळ संपली की कापड डावीकडे ओढून दोन्ही दोरे त्या खाचेत अडकवायचे, कात्रीची गरजच नाही. फक्त टोकं किती लांब हवीत ते ठरवून ओढायचं.

कारण सुट्या टोकांचं खरं काम तिथे सुरू होतं. जोडकामात दोरा कापून टाकला तरी चालतो, पुढची शिवण त्याच्यावरून जातेच. गोधडीवरच्या ओळी मधेच सुरू होतात, मधेच संपतात, आणि दोन्ही बाजू दिसणाऱ्या असतात. मशीन मागेपुढे करून टाका पक्का केला की तिथे गाठोडं दिसतं. म्हणून सुरुवात करताना सुई एकदा खाली घालून वर घ्यायची आणि वरचा दोरा हलकेच ओढायचा. खालच्या बॉबिनच्या दोऱ्याचा फास वर डोकावतो, तो चिमट्याने पकडून पूर्ण बाहेर काढायचा. दोन्ही दोरे डाव्या हाताच्या बोटांत ताणून धरायचे आणि मगच पहिले चार-पाच टाके घालायचे. हे नाही केलं तर अस्तराच्या बाजूला दोऱ्याचं घरटं होतं, आणि ते कळतं गोधडी उलटी केल्यावर.

सुरुवातीला आणि शेवटी चार-पाच इंच टोक राखते. नंतर दोन्ही टोकांना कापडालगत गाठ मारायची, दोन्ही सुईत घालायची, सुई शेवटच्या टाक्याच्या भोकातूनच आत घालून मधल्या कापसातून इंच-दीड इंच पुढे काढायची. हलका झटका दिला की गाठ टप् असा बारीक आवाज करत आत जाते. बाहेर आलेला दोरा कापडालगत कापला की उरलेलं टोकही आत ओढलं जातं. सासूबाई दाभणाने वाकळ घालायच्या तेव्हा गाठ अशीच आत लपवायच्या. फक्त त्यांच्याकडे एक लांबलचक दोरा असायचा आणि दोनच टोकं. मशीनवर प्रत्येक ओळीला चार होतात.

एवढ्या सगळ्या टोकांसाठी सुईच्या नेढ्यात दोरा ओवत बसलं तर चाळिशीनंतर कठीण आहे. वरून खाच असलेली सुई मिळते, दोरा नुसता दाबला की नेढ्यात जातो. तिचं एक पाकीट या तिन्ही वस्तूंपेक्षा जास्त उपयोगी पडलं, असं मी सरळ म्हणेन. तिची खोड अशी की खाच हळूहळू सैल होते आणि गुळगुळीत पॉलिएस्टर दोरा निसटतो. सुती दोऱ्याला जास्त टिकते. या सुया मी मशीनच्या खांबावर दुहेरी टेपने चिकटवलेल्या फेल्टच्या तुकड्यात खोचते. तिथे त्या डोळ्यांसमोर राहतात आणि गोधडी त्यांच्यापर्यंत पोचत नाही. दर थोड्या वेळाने थांबून टोकं पुरत गेलं तर बरं. शेवटासाठी ठेवली तर तीच टोकं पुढच्या ओळीखाली शिवली जातात.

कापलेल्या तुकड्यांचंही तसंच. गडद दोऱ्याचा एखादा तुकडा पांढऱ्या कापडाखाली अडकला तर थर शिवून झाल्यावर तो निळसर शिरेसारखा दिसत राहतो आणि काढायचा म्हणजे उसवणं आलं. म्हणून तीन थर एकावर एक घालण्याआधी वरचा थर खिडकीत उजेडासमोर धरून बघायचा आणि मागचे लोंबते दोरे कातरायचे. याला पिशवी उपयोगाची नाही, डोळेच लागतात. सुटे धागे कापडावरून उचलायला ओला हात किंवा जुना रबरी हातमोजा बरा.

बॉबिनच्या खाचेतला भुगा हा याच घराण्यातला. सुती कापसाची गोधडी असेल तर दर दोन-तीन बॉबिनांनंतर बॉबिन बसते ती डबी (बॉबिन केस) काढून मऊ ब्रशने झाडते. तोंडाने फुंकायचं नाही, वाफेने आत ओल जाते आणि भुगा आणखी आत सरकतो.

पिशवीतल्या दोऱ्यांचं काय करायचं, हे बऱ्याचजणी विचारतात. उशीत भरता येतात, पण गुठळ्या होतात, त्यात थोडा पॉलिफिल मिसळावा लागतो. पक्ष्यांना घरट्यासाठी म्हणून बाल्कनीत ठेवू नका, दोरा त्यांच्या पायात अडकून आवळतो. घरात मांजर असेल तर लटकणारी उघडी पिशवीच नको, गिळलेला दोरा मांजराच्या आतड्यात गुंतून जिवावर बेततो. त्यांनी झाकणाचा डबा घ्यावा, झाकणाला भोक पाडून.

सध्या पावसामुळे पिशवीच्या वरच्या गादीत सुया-टाचण्या काही खोचलेलं नाही. भाजलेली वाळूही ओल धरते असं दिसलं, दोन सुयांवर तांबूस डाग आले. सगळ्या सुया आता चपलांच्या खोक्यातून निघालेल्या सिलिका जेलच्या पुडीसोबत घट्ट झाकणाच्या डबीत आहेत, आणि गादीचं काम फक्त पिशवीला वजन देण्याचं. ऑक्टोबरचं ऊन पडलं की वाळू पुन्हा एकदा भाजून घेईन.