केस टाकण्याआधी सिग्नलचा ब्लर: रुग्णाची ओळख खरंच पुसली जाते का?

जखमेचा, एक्स-रेचा नाहीतर केसपेपरचा फोटो काढायचा, मार्करने नाव खोडायचं आणि ‘आजची इंटरेस्टिंग केस’ म्हणून सोशल मीडियावर टाकून द्यायचा. मुंबईत रेसिडेंटपासून कन्सल्टंटपर्यंत ही सवय दिसते. असं टाकावं की नाही यावर डॉक्टरांत दोन तट आहेत. पण ते ज्या खोडण्याच्या भरवशावर टाकलं जातं, त्या साधनांकडे फारसं कुणी बघत नाही. इथे परीक्षण त्यांचंच, आणि मुख्यतः सिग्नल या मेसेजिंग ॲपमधल्या ब्लरचं, म्हणजे फोटोचा भाग धूसर करणाऱ्या सोयीचं. फुकटातल्या साधनांत त्यातल्या त्यात धड तेवढंच आहे.

साधन नीट असण्यावर इतकं अडतं ते नियमामुळे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेतलं कलम ७.१७ म्हणतं, की ओळख पटेल अशा रीतीने रुग्णाचा फोटो किंवा केस त्याच्या परवानगीशिवाय छापू नये. ओळख उघड होणार नसेल तर संमतीची गरज नाही. म्हणजे सगळा भार खोडरबरावर! २ ऑगस्ट २०२३ ला राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नवी आचारसंहिता आणली, तिच्यात सोशल मीडियावरच्या वागण्याची वेगळी मार्गदर्शक तत्त्वं होती. २३ ऑगस्टला ती स्थगित झाली आणि गाडी परत २००२ वर आली.

सिग्नलमध्ये ही सोय जून २०२० पासून आहे. ‘नोट टू सेल्फ’ (स्वतःलाच मेसेज पाठवायची जागा) उघडा, फोटो जोडा, ब्लरचं चिन्ह दाबा. चेहरे ॲप स्वतः शोधतं, आणि ते फोनमध्येच. फोटो त्यासाठी कुठल्या सर्व्हरवर जात नाही. उरलेल्या भागावर बोट फिरवायचं. पाठवलेली प्रत परत सेव्ह करायची आणि पुढे तीच वापरायची. त्या प्रतीत जागेची, वेळेची माहिती राहत नाही.

फसतं कुठे? कुशीवर झोपलेला, ऑक्सिजन मास्क लावलेला किंवा बाजूने दिसणारा चेहरा आपोआप सापडेलच असं नाही, तिथे बोटच फिरवावं लागतं. मोठ्या टाइपातले आकडे ब्लरखालून ओळखू येऊ शकतात, म्हणून केसपेपरवरचा नोंदणी क्रमांक ॲपमधल्याच जाड पेनने पूर्ण काळा करा. पेनच, हायलायटर नको. तो अर्धपारदर्शक असतो. आणि गोंदण, शेजारच्या कॉटवरचा माणूस, चादरीवरचा शिक्का, भिंतीवरचा वॉर्डचा फलक हे ब्लरला कळत नाही. डोळ्यांवर काळी पट्टी मारून समाधान मानणाऱ्यांसाठी: वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती ती पट्टी अपुरी मानते.

आयफोनच्या मार्कअपमधला (फोटोवर रेघोट्या मारायच्या सोयीतला) मार्कर याहून घातक. त्याची रेघ पूर्ण अपारदर्शक नसते. ब्राइटनेस वाढवला की खालचं नाव वर येतं. शिवाय फोटोंमध्ये केलेला बदल ‘रिव्हर्ट’ने मागे घेता येतो, आणि एअरड्रॉपने (जवळच्या ॲपल उपकरणाला फाइल पाठवायच्या सोयीने) पाठवताना ‘ऑल फोटोज डेटा’ चालू असेल तर मूळ फोटोही सोबत जातो. गूगलच्या पिक्सेल फोनवर २०२३ मध्ये उघड झालेला दोष तर विलक्षणच होता: क्रॉप करून टाकलेला स्क्रीनशॉटचा भाग फाइलमध्ये शिल्लक असायचा आणि परत काढता यायचा. मार्च २०२३ च्या अपडेटने तो बुजला, पण आधी पाठवलेल्या फाइली तशाच राहिल्या. व्हॉट्सॲप फोटो म्हणून पाठवताना जागेची नोंद काढून टाकतं. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवलात तर ठेवतं. आणि स्पष्ट दिसावं म्हणून एक्स-रे हमखास डॉक्युमेंट करूनच पाठवला जातो.

सीटी-एमआरआयची डायकॉम (यंत्रातून निघणारी मूळ) फाइल थेट कुणालाही देऊ नका. तिच्या हेडरमध्ये, म्हणजे चित्रासोबतच्या लपलेल्या नोंदीत, नाव, जन्मतारीख, रुग्ण क्रमांक असतात. जेपीजी केल्यावर हेडर जातं, पण कोपऱ्यात छापलेलं नाव चित्रातच राहतं. सोनोग्राफीच्या पट्टीवर तारीख आणि सेंटरचं नावही असतं. कोपरा झाका, मग पूर्ण पडद्याचा स्क्रीनशॉट घ्या आणि फक्त तोच वापरा.

फोटोसाठी सिग्नलला पाचपैकी चार. खरी गळती मात्र मजकुरात होते आणि तिथे कुठलाच ब्रश नाही. ‘मंगळवारी सकाळी भायखळ्याला लोकलमधून पडलेला विशीतला मुलगा, बहिणीचं लग्न चार दिवसांवर’ एवढं लिहिलं की नावाची गरजच उरत नाही. चाळीतल्या कुणालाही कळतं, आणि अपघाताची बातमी पेपरात असेल तर परक्यालाही. वार, स्टेशन, व्यवसाय, नातं यांपैकी निदानाला ज्याची गरज नाही ते काढा. ‘विशीतला पुरुष, रेल्वे अपघात’ पुरतं. टाकायची घाई नको. काही महिने थांबलं तर वाराची जोडणी आपोआप तुटते. दुर्मीळ आजार असेल तर हेही पुरत नाही, आजारच ओळखपत्र होतो.

अशा वेळी लेखी संमती घ्या, आणि ऑपरेशनच्या संमतीपत्रात तळाला घुसवलेली ओळ ती नव्हे. वेगळा कागद, रुग्णाच्या भाषेत, कुठे टाकणार आणि कोण बघू शकेल हे लिहून; सोबत तयार मजकूर आणि फोटो त्याला दाखवून. पुढे त्याने नको म्हटलं तर पोस्ट काढता येईल, पण लोकांनी सेव्ह केलेल्या प्रती परत आणता येणार नाहीत, हेही सही घेण्याआधी सांगा.