पडक्या हॉस्पिटलचा असेट पॅक, दीड महिना वापरून झाल्यावर

एका पडक्या हॉस्पिटलचा मोठा असेट पॅक (गेममध्ये वापरायच्या तयार थ्रीडी वस्तूंचा संच) घेतला होता, त्यावर दीड महिना बसून एक पूर्ण लेव्हल (गेममधली फिरायची जागा) उभी केली, आता सविस्तर लिहितो. पॅकचं नाव टाकत नाहीये कारण जे सांगतोय ते या प्रकारच्या बऱ्याच पॅकना लागू पडतं आणि विकत घ्यायच्या आधी काय बघायचं हे कळणं जास्त कामाचं आहे. गेम बनवायचं इंजिन अनरियल 5, गेम फर्स्ट पर्सन, मारामारी काही नाही, नुसतं फिरायचं आणि इथे काय झालं असेल ते शोधत जायचं.

जे सगळ्यात आवडलं ते आधी. या पॅकमध्ये घाण वेगळी दिली आहे. म्हणजे भिंती, दारं, कपाटं, खाटा हे सगळं मूळ टेक्स्चरमध्ये (वस्तूवर चढवलेल्या चित्रात) बऱ्यापैकी स्वच्छ आहे आणि धूळ, ओल, गंज, उडालेला रंग हे मटेरियलमध्ये (पृष्ठभाग कसा दिसेल ते ठरवणाऱ्या सेटिंगमध्ये) वरून थर म्हणून येतं, प्रत्येकाला आपापला स्लायडर आहे आणि वर्टेक्स पेंटने (मॉडेलवर थेट ब्रश फिरवून) हाताने पाहिजे तिथे रंगवता पण येतं. ऐकायला किरकोळ वाटेल पण पडकी जागा खरी वाटणार की नाही हे माझ्या मते इथेच ठरतं. याआधी घेतलेल्या दोन पॅकमध्ये डाग टेक्स्चरमध्येच बेक केलेले, म्हणजे कायमचे छापलेले होते, त्यामुळे तोच भिंतीचा तुकडा चार वेळा लावला की तोच डाग चार वेळा, त्याच उंचीवर, एका ओळीत. खेळणाऱ्याला नेमकं काय खटकतंय ते सांगता येत नाही पण जागा खोटी आहे हे त्याला दोन मिनिटांत कळलेलं असतं.

कारण ओल अशी कुठेही येत नाही ना. तिला आत यायला कुठून तरी वाट हवी असते. माझ्या लेव्हलमध्ये वॉर्डच्या टोकाला एक फुटकी खिडकी आहे, तिथे मी तीन दिवस घालवले आणि ते तीन दिवस सार्थकी लागले असं मी म्हणेन. खिडकीतून पाऊस आत येतो असं धरलं, मग खिडकीखालचं प्लॅस्टर गडद केलं आणि तिथला रफनेस (खरखरीतपणा) कमी केला, कारण ओली भिंत नुसती काळपट होत नाही तर उजेडात थोडी चमकते पण. डागाच्या कडेला पांढरट रेघ दिली, पाणी सुकताना भिंतीतले क्षार बाहेर येऊन कडेला साचतात ती. खिडकीजवळच्या खाटेचे पाय गंजवले, गंज खाली फरशीवर उतरवला, आणि वॉर्डच्या दुसऱ्या टोकाच्या खाटेवर गंज जवळपास नाहीच, फक्त धूळ. सगळं याच एका पॅकमधून झालं, बाहेरचं एक टेक्स्चर घेतलं नाही. एका मित्राला खेळायला दिलं तर तो काही खूण नाही बाण नाही तरी सरळ खिडकीकडे चालत गेला आणि म्हणाला इथून वारा येतोय असं वाटतंय. वाऱ्याचा आवाज मी तेव्हा टाकलेलासुद्धा नव्हता!

धुळीचं कामही अगदी मन लावून केलंय. धूळ वस्तूच्या टेक्स्चरवर चिकटलेली नाही, जगाच्या हिशोबाने जी बाजू वर असेल तिथे बसते. खुर्ची आडवी पाडली की धूळ आपोआप आता वर आलेल्या पायांवर आणि पाठीच्या कडेवर येते, सीटवरची जाते. पण यातून एक प्रश्न निघतो तो लक्षात ठेवा. खुर्ची कधी पडली? वीस वर्षांपूर्वी पडली असेल तर हे बरोबर आहे, पण तुमच्या गोष्टीत कालच कोणीतरी येऊन ती पाडली असेल तर धूळ जुन्या जागीच, सीटवर राहायला हवी, आणि फरशीवर खुर्चीच्या पायांचे चार स्वच्छ ठसे दिसायला हवेत. मी एका खोलीत असंच केलं, जगाच्या हिशोबाचा पर्याय बंद करून धूळ हाताने रंगवली, आणि ती खोली पूर्ण लेव्हलमधली सगळ्यात भीतीदायक खोली झाली, एकही भूत न टाकता.

आता तक्रारी, त्यापण बऱ्याच आहेत.

दारांचे पिव्हट (वस्तू ज्या बिंदूभोवती फिरते तो) मध्यभागी आहेत. दार उघडायला फिरवलं की ते बिजागरीवर न फिरता स्वतःभोवती गिरक्या घेतं. सतरा दारं ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये नेऊन पिव्हट बिजागरीवर आणून परत आणावी लागली. ज्याने हॉस्पिटल विकायला काढलंय त्याने दार उघडलं जाणार हे गृहीत धरायला पाहिजे होतं. कोसळलेल्या छताच्या ढिगाऱ्याचं कोलिजनपण (खेळाडू जिथे अडतो ती सीमा) ऑटोमॅटिक बनवलेलं, म्हणजे सगळ्या ढिगाऱ्याभोवती एक अदृश्य पोतं गुंडाळल्यासारखं, डोळ्याला वाट दिसते आणि खेळाडू हवेत अडकतो. ते काढून साध्या बॉक्सने हाताने केलं.

टेक्स्चरच्या साइजबद्दल तर मला खरंच राग आला. सगळं 4096 गुणिले 4096 पिक्सेल, औषधाची बोटभर बाटलीसुद्धा. असं एक टेक्स्चर बीसी7 कॉम्प्रेशनमध्ये मिपमॅप (त्याच चित्राच्या लहान होत जाणाऱ्या प्रती) धरून साधारण 21 एमबी मेमरी खातं, बेस कलर (रंग), नॉर्मल (उंचसखलपणा) आणि ओआरएम (सावली, खरखरीतपणा, धातूपणा) ही तीन टेक्स्चर मिळून एका बाटलीला 64 एमबी, आणि बाटल्या सहा प्रकारच्या! 2048 वर आणलं की लगेच चौथा भाग होतो, बाटल्यांना तर मी 512 दिलं आणि स्क्रीनवर फरक दिसत नाही. जाहिरातीत सगळं 4के असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं, तो गुण नाही, ते काम तुमच्यावर ढकललेलं आहे.

बाहेरच्या भिंती कागदासारख्या पातळ आहेत, एकाच बाजूने दिसणाऱ्या. जुन्या पद्धतीने उजेड बेक करणाऱ्याचं कदाचित निभावेल पण ल्युमेनमध्ये (गेम चालू असतानाच उजेड मोजणारी अनरियलची पद्धत) अंधाऱ्या खोलीच्या कोपऱ्यातून बाहेरचा उजेड झिरपतो आणि मूड तिथेच जातो. अनरियल बनवणाऱ्या एपिकच्या स्वतःच्या डॉक्युमेंटेशनमध्ये लिहिलंय की ल्युमेनसाठी भिंत 10 सेंटीमीटरपेक्षा पातळ नको. मी सगळ्या बाहेरच्या भिंतींमागे जाड ठोकळे उभे केले, झिरपणं थांबलं. एक मात्र त्यांनी बरोबर केलंय, भिंत फरशी छत वेगवेगळे तुकडे आहेत, अख्खी खोली एकाच मेशमध्ये (थ्रीडी आकारात) नाही, कारण तशी असती तर ल्युमेनला ती नीट कळलीच नसती. मॉड्युलर तुकडे ग्रिडवर 100 च्या पटीत मस्त बसतात, त्यात काही बोलायला जागा नाही. नॅनाइटपण (खूप बारीक तपशिलाचे आकार जड न होता दाखवणारी अनरियलची सोय) चालू आहे, फक्त खिडक्यांच्या काचा नॅनाइटमध्ये नाहीत, पारदर्शक मटेरियलला ते चालत नाही, त्यामुळे फुटक्या काचांचे खच करताना हात आखडता घ्या.

गोडो किंवा युनिटी ही दुसरी इंजिनं वापरणाऱ्यांनो, नॉर्मल मॅप (वर सांगितलेली नॉर्मल टेक्स्चर) डायरेक्टएक्स पद्धतीचे आहेत, त्यांचा ग्रीन चॅनल (चित्रातला हिरव्या रंगाचा भाग) उलटा करून घ्या नाहीतर प्लॅस्टरचे खड्डे फुगवटे दिसतील.

आता डेमो मॅप (पॅकसोबत येणारी नमुन्याची लेव्हल), ज्याचे स्क्रीनशॉट बघून बहुतेक जण पॅक घेतात. दिसायला जबरदस्त, धुकं, खिडकीतून तिरपे किरण, कॉरिडॉरमध्ये एकटी व्हीलचेअर. पण नीट बघितलं तर मॅपला स्वतःलाच माहीत नाही की लोक इथून कसे गेले. एका खोलीत फाइली नीट गठ्ठे बांधून ठेवलेल्या, शेजारच्या खोलीत ट्रॉल्या उलथलेल्या आणि सलाइन अर्धवट. घाईघाईत पळाले की सावकाश आवरून गेले? मी काम सुरू करताना खऱ्या जागांचे फोटो समोर ठेवले होते. चेर्नोबिल अणुभट्टीजवळचं प्रिप्यात 27 एप्रिल 1986 ला एका दुपारी रिकामं झालं, काही दिवसांत परत येऊ असं समजून लोक गेले म्हणून सामान मागेच राहिलं. नामिबियातलं कोल्मन्सकॉप उलट, दक्षिणेला जास्त हिरे सापडले तसे लोक हळूहळू तिकडे गेले, 1956 पर्यंत गाव रिकामं, घरं जवळपास मोकळी आणि खोल्यांमध्ये आता कमरेएवढी वाळू. दोन्ही ओसाडच पण वस्तूंची भाषा पूर्ण वेगळी. आणि प्रिप्यातच्या फोटोंमधल्या खाटेवर मांडलेल्या बाहुल्या बऱ्याचदा नंतर आलेल्यांनी फोटोसाठी ठेवलेल्या असतात, म्हणून तीच मांडणी लेव्हलमध्ये उचलली की ती मांडलेलीच दिसते.

माझं हॉस्पिटल मी सावकाश बंद पडलेलं ठरवलं, मग पॅकमधल्या वस्तूंपैकी निम्म्याहून जास्त काढून टाकल्या. चांगली कपाटं गेली, त्यांच्या मागच्या भिंतीवर रंगाचा उजळ चौकोन राहिला, त्याचं डेकल (भिंतीवर वरून चिकटवायचं चित्र) पॅकमध्ये आहे आणि ते मला अख्ख्या पॅकमधलं सगळ्यात सुंदर असेट वाटतं, डेमोमध्ये एकदाही वापरलेलं नाही. कमी काय पडलं तर माणसांच्या रोजच्या वस्तू. सर्जरीची हत्यारं, रक्ताचे डाग ढीगभर दिलेत, पण चष्मा, चप्पल, वर्तमानपत्र, खिळ्याला अडकवलेली पिशवी यातलं काही नाही. ते सगळं मी स्वतः मॉडेल केलं. आवाज तर एकही नाही, ते वेगळे शोधावे लागतात.

पाचापैकी साडेतीन देतो, यातले तीन फक्त त्या थरांच्या मटेरियलसाठी. घेणार असाल तर व्हिडिओतला डेमो बघू नका, विक्रेत्याला सरळ विचारा की एका भिंतीचा डाग शून्यावर आणता येतो का आणि त्याचा स्क्रीनशॉट मागा. मी पिव्हट आणि पातळ भिंतींबद्दल त्यांना लिहिलं होतं, दारं पुढच्या अपडेटमध्ये दुरुस्त करतो असं उत्तर आलंय, भिंतींबद्दल अजून काही नाही. आलं की इथेच खाली टाकतो.