पिकअप देऊन थार घ्यावी का? एक पावसाळा, एक आंब्याचा सीझन आणि एक फाळका

आधीच सांगतो, हा गाडीचा रिव्ह्यू कमी आणि फाळक्याचा, म्हणजे पिकअपच्या माल भरायच्या हौद्याच्या मागच्या झाकणाचा, जास्त होणार आहे. ज्यांना इंजिन, टॉर्क आणि टचस्क्रीनबद्दल वाचायचंय त्यांना ती माहिती कुठेही मिळेल.

माझी गाडी डबल कॅबिन पिकअप. डिझेल, मागच्या चाकांवर चालणारी, पिवळी पाटी म्हणजे मालवाहू नोंदणी. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण भांडण अजून मिटलेलं नाही. देवगड तालुक्यात खाडीच्या अंगाला घर आणि वर सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, हापूसची कलमं. मध्ये एक घाटी, म्हणजे चढाचा अरुंद रस्ता. खालचा अर्धा भाग सिमेंटचा, वरचा जांभ्यातून खोदलेला, दोन्ही बाजूंना गडगे, म्हणजे दगडी बांध. आरसे मिटल्याशिवाय समोरून रिक्षासुद्धा जात नाही.

गाडी बदलायचं डोक्यात आलं ते जुलैत. रात्री आयेला धाप लागली आणि कणकवलीला न्यायचं ठरलं. पाऊस धो धो. सिमेंटवर शेवाळ. अर्ध्या चढावर मागचं एक चाक नुसतं फिरायला लागलं आणि गाडी तिरकी होऊन गडग्याला टेकली. शेवटी शेजाऱ्यांच्या दोघा मुलांनी आयेला खुर्चीत बसवून वर नेलं आणि वरून रिक्षा केली. आये आता बरी आहे. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी शोरूमला फोन लावला, हे खरं.

त्यात योग असा की मेव्हणा बोटीवर गेला. त्याची तीन दारांची थार, डिझेल, फोर बाय फोर, हार्ड टॉप. जाताना चावी देऊन म्हणाला, "भावोजी, तुम्हीच चालवा. उभी राहिली तर बॅटरी मरेल." म्हणजे टेस्ट ड्राइव्हच्या नावाखाली शोरूमचा पोरगा हायवेवर दोन किलोमीटर फिरवतो तसला प्रकार नाही, महिनोन्महिने स्वतःच्या डिझेलवर चालवलेली गाडी. पिकअप तेव्हा सर्व्हिस सेंटरमध्ये पडून होती. का, ते खाली येतंच.

थारने पहिल्याच दिवशी मन जिंकलं. घाटीच्या तोंडाशी थांबायचं, न्यूट्रल करायचं, छोटा लिव्हर फोर लोमध्ये (चारही चाकांना ताकद, वेग कमी) टाकायचा आणि पहिल्या गिअरमध्ये क्लच सोडून द्यायचा. गाडी चालत्या माणसाच्या वेगाने वर जाते. ॲक्सिलरेटरला पाय लावावा लागत नाही. एकदा मागचं एक चाक शेवाळावर फिरलं, खालून 'कट्ट' असा आवाज आला आणि दुसऱ्या चाकाने गाडी ढकलली. ते मागचं लॉकिंग डिफरन्शियल. डिफरन्शियल म्हणजे दोन चाकांत ताकद वाटणारे गिअर. साध्या डिफरन्शियलला अक्कल नसते, ज्या चाकाला पकड नाही त्यालाच ते फिरवत बसतं. माझ्या पिकअपचं जुलैत नेमकं हेच झालं होतं. नुसतं फोर बाय फोर असून भागत नाही, हेही इथे कळलं. पुढचं एक आणि मागचं एक अशी तिरपी दोन चाकं एकदम घसरली तर लॉकिंग नसलेली फोर बाय फोरही जागेवर उभी राहते.

आमच्या व्हाळावरच्या (ओढ्यावरच्या) साकवावर, म्हणजे छोट्या पुलावर, पाणी चढतं, तेव्हाही भीती कमी झाली. थारचा कागदावरचा आकडा ६५० मिलिमीटर पाण्याचा आणि ग्राउंड क्लिअरन्स २२६. पण हा ६५० चा आकडा साचलेल्या पाण्यासाठी धरा. वाहत्या व्हाळात गुडघाभर पाणीसुद्धा गाडीला कडेला लोटतं, आणि आमच्या साकवाला कठडा नाही. मी थांबतो. मागून मुंबईची गाडी हॉर्न मारते, तरी थांबतो.

एक गोष्ट नवीन घेणाऱ्यांना कोणी नीट सांगत नाही. अशा गाड्यांत पुढच्या-मागच्या चाकांमध्ये सेंटर डिफरन्शियल नसतं, त्यामुळे कोरड्या डांबरावर फोर व्हील लावून वळलात तर स्टिअरिंग जड होतं आणि सगळा ताण चाकांना ताकद पोचवणाऱ्या गिअर-शाफ्टवर येतो. आमच्याकडे एक जण फोंडा घाट फोर हायमध्ये (चारही चाकांना ताकद, वेग नेहमीचा) चढतो, 'ग्रीप चांगली येते' म्हणून. कोरड्या रस्त्यावर. असो.

ऑगस्टअखेर मी जवळजवळ ठरवून टाकलं होतं. पिकअप द्यायची, वर पैसे घालायचे, थार घ्यायची. एक्स्चेंजवाला बघायला आला. इंजिन नीट ऐकलं नाही, टायरकडे नजर टाकली नाही, थेट मागे गेला आणि फाळका धरून हलवला. खडखड. "साहेब, बॉडी गेलीय," म्हणाला आणि तेवढ्यावर चाळीस हजार कापले. चाळीस हजार! फाळक्याचे!

आता फाळका. पिकअपच्या हौद्याचं मागचं झाकण. त्याला दोन बाजूंना दोन कड्या आणि खाली बिजागऱ्या. घेतल्याच्या दुसऱ्या पावसाळ्यात उजव्या कडीच्या मुळाशी रंगाला फोड आला. नखाने खरवडलं तर पापुद्रा निघाला, आत तांबडी भुकटी. पुढच्या सीझनला वाडीच्या रस्त्यावर कडी सुटली, फाळका धाडकन पडला आणि मागचे क्रेट रस्त्यावर. पिकलेला आंबा नव्हता म्हणून निभावलं, पण आदळलेलं फळ पेटीत भरता येत नाही, ते कॅनिंगच्या, म्हणजे रसाच्या कारखान्याच्या, भावाने जातं.

गाडी वॉरंटीत होती. हायवेवरच्या सर्व्हिस सेंटरला नेली. तिथल्या माणसाने फोटो काढले, कुठेतरी पाठवले आणि आठवड्याने उत्तर दिलं: "गाडी समुद्राजवळ ठेवता ना? मग गंज येणारच. वॉरंटीत बसत नाही." मी म्हटलं, मग सिंधुदुर्गात गाड्या विकता कशाला, सोलापुरात विका. त्यावर तो गप्प. नुसती कडी मागितली तर सुटी मिळत नाही म्हणे, अख्खा फाळका घ्यावा लागेल, रंगाचे वेगळे, आणि तो कधी येईल ते सांगता येत नाही. या 'कधी येईल' मध्ये गाडी अर्धा पावसाळा त्यांच्या शेडमध्ये. शेड म्हणजे वरून पत्रा, बाजू उघड्या. खारा वारा तिथेही लागतोच.

गणपतीच्या आधी भांडून, फाळका न बदलता, गाडी घरी आणली. इथून माझं मत फिरायला लागलं.

गावातला वेल्डर गाडीभोवती एक चक्कर मारून म्हणाला, "गाडयेक काय झाला नाय. फाळक्याक गंज लागलो हा." त्यानेच मला बंदरावर पाठवलं. मच्छीमारांच्या बोटींना जे सामान लागतं त्या दुकानात स्टेनलेसच्या कड्या मिळतात, ३१६ ग्रेडच्या. साध्या ३०४ मध्ये मॉलिब्डेनम नसतं, खाऱ्या हवेत त्यावरही काही दिवसांनी तपकिरी ठिपके येतात. ३१६ मध्ये ते असतं म्हणून ती टिकते. पण स्टेनलेसची कडी थेट लोखंडी पत्र्यावर बसवली तर मिठाच्या ओलीत कडी चकचकीत राहते आणि तिच्याभोवतीचा पत्रा आणखी वेगाने गंजतो. म्हणून मधे नायलॉनचा वॉशर, बोल्टवर नायलॉनची नळी, कापलेल्या जागी आधी झिंक प्रायमर, मग रंग. वेल्डरने गंजका भाग कापून नवा पत्रा जोडला, दोन्ही बाजूंना बोटीच्या कड्या बसवल्या. मजुरी धरून साडेतीन हजारांच्या आत. तो चाळीस हजार कापणारा पुन्हा भेटला तर मला त्याला हा फाळका हलवायला द्यायचाय.

मग प्रश्न उरला घाटीचा. त्यावरही वेल्डरच बोलला. "हौद्यात चिरे टाक. गाडी बदलूची गरज नाय."

हे ऐकल्यावर मी खरंच विचार केला. भरलेली पिकअप या घाटीत कधीच अडून बसली नाही. अडते ती रिकामी. इंजिनाचं वजन पुढे, ताकद मागच्या चाकांना, आणि मागचे पाटे (स्प्रिंग) टनभर मालासाठी बनवलेले. हौदा रिकामा असला की मागची चाकं रस्त्याला नावापुरती टेकतात. आणि आमचं गणित असं की माल असतो मार्च ते मे, तेव्हा घाटी कोरडी ठणठणीत. चिखल आणि शेवाळ जून ते सप्टेंबर, तेव्हा हौदा रिकामा. गाडीचा दोष म्हणून मी ज्याच्यावर चिडत होतो तो महिन्यांचा घोळ होता.

दहा-बारा चिरे, म्हणजे जांभ्याचे कापीव दगड, मागच्या ॲक्सलच्या बरोबर वर मांडले, पुढे-मागे फळ्या ठोकून पक्के केले. हे महत्त्वाचं. सुटा चिरा ब्रेक मारल्यावर केबिनच्या काचेत येतो. जांभा पाणी पितो, त्यामुळे पावसात वजन आणखी वाढतं, तेही फुकट. गवंड्याला बोलावून सिमेंटच्या भागाला आडव्या खाचा पाडून घेतल्या आणि शेवाळावर ब्लीचिंग पावडर टाकली. मागे दोन ऑल टेरेन (चिखलातही पकड देणारे) टायर. सप्टेंबरच्या शेवटच्या जोरदार पावसात पिकअप घाटी चढली. थारसारखी डौलात नाही, जरा शेपूट हलवत, पण चढली.

तरी थार मनातून जात नव्हती. बायकोला ती आवडते, मुलांना तर विचारूच नका. म्हणून सीझनला दोन्ही गाड्या कामाला लावल्या. निकाल तिथे लागला.

फवारणीच्या दिवसांत माझ्या हौद्यात पाचशे लिटरची टाकी असते आणि तिच्या मागे एचटीपी, म्हणजे फवारणीचा जास्त दाबाचा पंप. थारमध्ये हे शक्यच नाही, तो तिचा दोषही नाही. मग क्रेट. भरलेला क्रेट वीस-बावीस किलोचा. थारच्या मागच्या सीट दुमडून, छतापर्यंत रचून सात बसले. आठवा मांडीवर घ्यावा लागला असता. पिकअपमध्ये चाळीस क्रेट रचून वर ताडपत्री बांधता येते. पण खरा फरक दाराचा. थारचं मागचं दार बाजूला उघडतं आणि त्यावर स्टेपनी लटकलेली. जिम्नी, गुरखा, पाच दारांची रॉक्स, सगळ्यांची हीच तऱ्हा. गडग्याला लागून गाडी लावली तर दार पुरतं उघडत नाही. फाळका खाली पडतो आणि आडवा राहतो. त्यावर क्रेट टेकवायचा, श्वास घ्यायचा, मग आत सरकवायचा. बागेतले नेपाळी गडी त्यावरच आंबा निवडतात, त्यावरच चहा पितात, देठाचा चीक पुसायची फडकी त्याच्याच कडेला वाळत घालतात. हे सगळं मला गाडी घेताना कोणी ब्रोशरमध्ये दाखवलं नव्हतं.

कागदांचंही बघा. पिवळ्या पाटीला आठ वर्षांपर्यंत दोन-दोन वर्षांनी पासिंग (आरटीओची तपासणी), नंतर दरवर्षी. कटकट आहे. पण पांढऱ्या पाटीच्या, म्हणजे खाजगी गाडीतून धंद्याचा माल नेताना अपघात झाला तर विमावाल्यांशी वाद घालायची माझी तयारी नाही, फाळक्याच्या वादातच जीव अर्धा झालाय. २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. थारचं डिझेल इंजिन २.२ लिटरचं, म्हणून ती ४० टक्क्यांत. आधीपेक्षा कमीच, पण चाळीस म्हणजे चाळीस. अठरा इंची टायर माझ्या पंधरा इंचीच्या जवळजवळ दुप्पट किमतीला, आणि आमच्या चढउतारांवर थार लिटरला अकरा-बारा देते.

'मग इसुझू व्ही-क्रॉस घे, पिकअपही आणि फोर बाय फोरही,' असं पुण्याचा भाऊ म्हणतो. गाडी उत्तम आहे. पण सव्वापाच मीटरच्या वर लांबी, आमच्या घाटीच्या वळणावर ती एका दमात वळणार नाही, आणि किंमत वीस लाखांच्या पलीकडे. तेवढ्यात मी घाटीच नवीन बांधेन. बोलेरो कॅम्पर आणि टाटा योद्धा या पिकअप फोर बाय फोरमध्येही बनतात, बागायतदाराने थारच्या आधी त्यांची चौकशी करावी.

ज्यांना फक्त माणसं न्यायची आहेत, घर आडवळणाला आहे आणि पावसात रात्री-अपरात्री निघावं लागतं, त्यांनी थार घ्यावी, डोळे मिटून. आयेच्या त्या रात्री ती दारात असती तर खुर्ची लागली नसती, हे मी नाकारत नाही. फक्त ती घेऊन किनाऱ्यावर रेतीत घालू नका. पोलीस केस करतात, आणि अडकलात की गावातला ट्रॅक्टरवाला तोंडाला येईल तो आकडा सांगतो. दोन्ही गाड्यांना महिन्यातून एकदा खालून गोड्या पाण्याने धुवा आणि पावसाळ्याआधी चेसिसला कोटिंग मारा. जुनं काळं ऑइल फासायची पद्धत आपल्याकडे आहे, पण ते ब्रेकच्या पाइपांवर आणि रबरावर लागलं की वेगळं दुखणं मागे लागतं.

पिकअप राहतेय. एक्स्चेंजवाल्याचा अजून फोन येतो, आता पंचवीसच कापतो म्हणतो. मेव्हणा दिवाळीत बोटीवरून येईल तेव्हा थार परत. तोवर आयेला दवाखान्यात न्यायचं असलं की तीच काढतो.