स्कायरिममध्ये दोन्ही हातांत कुऱ्हाड: आठ महिन्यांच्या वापरानंतर

स्कायरिम हा व्हिडिओ गेम पहिल्यांदा आला 11 नोव्हेंबर 2011 ला, स्पेशल एडिशन 2016 मध्ये आणि अॅनिव्हर्सरी एडिशन 2021 मध्ये. इतक्या वर्षांत या गेममधल्या लपूनछपून बाण मारणाऱ्या धनुर्धाऱ्यावर भरपूर लिहिलं गेलं, पण दोन कुऱ्हाडींच्या योद्ध्याबद्दल बहुतेक ठिकाणी 'मजा येते, पण लवकर मरतो' एवढंच सांगून सोडून देतात. आठ महिने हेच एक पात्र पहिल्या लेव्हलपासून शेवटपर्यंत चालवल्यावर माझं मत असं झालंय की हा बिल्ड (पात्राची शस्त्रं आणि कौशल्यं यांची ठरवलेली जुळणी) मुळात कच्चा नाही. ढाल सोडल्याची किंमत कुठे भरायची हे न ठरवता तो खेळला जातो, म्हणून तो कच्चा वाटतो.

दोन हातांत दोन शस्त्रं घेतली की ब्लॉक करता येत नाही. समोरच्याचा वार अडवणं नाही आणि ढालीने ढकलून त्याचा पॉवर अटॅक (बटण दाबून धरून केलेला जोरदार वार) मोडणंही नाही. चिलखताच्या हिशोबातही फरक पडतो. शारीरिक वारांपासून जास्तीत जास्त 80 टक्के संरक्षण मिळतं. अंगावरच्या चिलखताचा प्रत्येक भाग आकड्यात न दिसणारे 3 टक्के देतो, त्यामुळे ढालीसकट पाच भाग असतील तर 542 आर्मर रेटिंगवर (चिलखताच्या संरक्षणाचा आकडा) मर्यादा गाठली जाते. ढाल नसेल तर त्याच जागी 567 लागतात. पंचवीस पॉइंटांची ही तूट धार लावायच्या चाकाशेजारच्या वर्कबेंचवर सहज भरून निघते. न अडवलेल्या वारांची तूट मात्र तुमचे पाय आणि तुमचा दम यांनाच भरून काढावी लागते.

म्हणून पहिली सूचना: सुरुवातीच्या आठ-दहा लेव्हल एका हातात कुऱ्हाड आणि दुसऱ्या हातात ढाल घेऊन खेळा. त्यात कमीपणा काही नाही. वन-हँडेड (एका हाताने धरायच्या शस्त्रांचं) कौशल्य तेवढंच वाढतं, कारण अनुभव शस्त्राच्या मूळ डॅमेजवर (घावाने होणाऱ्या नुकसानीवर) मिळतो, धार लावून वाढवलेल्या आकड्यावर नाही. लोखंडी कुऱ्हाडीचं मूळ डॅमेज 8 आणि लोखंडी तलवारीचं 7, त्यामुळे प्रत्येक घावामागे कुऱ्हाड थोडं जास्तच शिकवते. वेगात ती मागे पडते: तलवार 1.0, कुऱ्हाड 0.9, गदा 0.8. शत्रू डळमळण्याच्या बाबतीत ती तलवार आणि गदा यांच्या मधोमध बसते. एकुणात कुऱ्हाड मधल्या मार्गाची आहे, आणि दोन हातांत घ्यायला हाच तोल बरोबर पडतो. दोन गदांनी हात जड होतात. दोन खंजीर वेगवान असतात, पण त्यांची पोच इतकी कमी की समोरचा मागे सरकला की अर्धे वार हवेत जातात.

जात निवडताना बहुतेक जण नॉर्ड घेतात. थंडीपासूनचं त्यांचं 50 टक्के संरक्षण खरंच कामाचं आहे. पण या बिल्डसाठी माझी पहिली पसंती ऑर्कला. त्यांचा बर्सर्कर रेज दिवसातून एकदा 60 सेकंदांसाठी तुमचं डॅमेज दुप्पट करतो आणि अंगावर येणारं निम्मं करतो. ढाल नसलेल्या माणसासाठी याहून चांगली गोष्ट गेममध्ये नाही. शिवाय ऑर्कना ऑर्क वस्त्यांमध्ये थेट प्रवेश असतो, आणि वन-हँडेडचा सर्वात वरचा शिक्षक बर्गुक हा डुशनिख यालचा सरदार आहे. इतरांना आधी एक काम पूर्ण करून प्रवेश मिळवावा लागतो. दुसरा पर्याय रेडगार्ड. अॅड्रेनलिन रशमध्ये स्टॅमिना (दम) 60 सेकंद दहापट वेगाने भरतो आणि वन-हँडेडची सुरुवातच 10 पॉइंट पुढून होते.

पर्क म्हणजे पॉइंट घालून उघडायच्या खास क्षमता. हे पॉइंट कुठे घालायचे यात सगळ्यात जास्त चुका होतात. वन-हँडेडमध्ये आर्म्समनचे पाचही टप्पे घ्या. त्याने डॅमेज दुप्पट होतं आणि हा एकच पर्क बाकी सगळ्यांना पुरून उरतो. मग कौशल्य 20 वर पोहोचलं की फायटिंग स्टान्स, ज्याने पॉवर अटॅकचा स्टॅमिना 25 टक्के कमी लागतो. मग 30 आणि 50 वर ड्युअल फ्लरी, ज्याने दोन शस्त्रांचा वेग आधी 20 आणि मग 35 टक्क्यांनी वाढतो. 70 वर ड्युअल सॅव्हेजरी, म्हणजे दोन शस्त्रांच्या पॉवर अटॅकला 50 टक्के जादा. एकूण 9 पॉइंट, आणि कणा तयार. कुऱ्हाडीचा खास पर्क म्हणून हॅक अँड स्लॅश दिसला की हात शिवशिवतो, पण त्याचे तीन पॉइंट मी शेवटासाठी ठेवायला सांगेन. त्यातला रक्तस्राव शस्त्राच्या धातूवर ठरतो, धार लावून किंवा जादूने तो वाढत नाही. पुढच्या लेव्हलना शत्रूचं आयुष्य (हेल्थ) शेकड्यांत जातं तेव्हा तो रक्तस्राव जाणवतही नाही. तेच तीन पॉइंट हेवी आर्मरमध्ये घाला. 70 वरच्या कंडिशनिंगने चिलखताचं वजन लागत नाही, आणि 50 वरच्या टॉवर ऑफ स्ट्रेंथने डळमळणं निम्म्यावर येतं. ढाल नसताना डळमळणं म्हणजे पुढचे दोन वार फुकट खाणं.

आता स्टॅमिना. दोन्ही हातांचे बटण एकत्र दाबून धरलं की दोन कुऱ्हाडींचा पॉवर अटॅक होतो. एका दमात तीन घाव पडतात आणि स्टॅमिना झपाट्याने रिकामा होतो. शस्त्र जितकं जड तितका खर्च जास्त. साधे वार मात्र स्टॅमिना अजिबात खात नाहीत, हे पुष्कळांच्या लक्षातच येत नाही. पट्टी रिकामी झाली म्हणून पळत सुटतात, आणि पळायलाही स्टॅमिनाच लागतो.

यावरचा उपाय स्वयंपाकघरात आहे. एक कोबी, एक लीक, एक बटाटा, एक टोमॅटो चुलीवरच्या भांड्यात घातले की भाजीचं सूप होतं. ते 720 सेकंद, म्हणजे बारा मिनिटं, दर सेकंदाला 1 आयुष्य आणि 1 स्टॅमिना परत देतं. आकडा क्षुल्लक वाटतो. पण गेमची रचना अशी आहे की पॉवर अटॅक सुरू करायला पूर्ण किंमत हाताशी असावी लागत नाही, स्टॅमिना शून्याच्या वर असला की पुरे. सूपामुळे तो कधीच शून्यावर टिकत नाही, म्हणून बारा मिनिटं तुम्ही एकामागून एक पॉवर अटॅक करू शकता. समोरचा प्रत्येक घावाला डळमळतो आणि त्याला वार उचलायची उसंतच मिळत नाही. ढालीची खरी जागा या सूपाने भरून काढली आहे. व्हाइटरन शहराच्या बाजारात कार्लोटाच्या टपरीवर भाज्या मिळतात. कुठल्याही मोठ्या गुहेत शिरण्याआधी तीन-चार सूप पिशवीत असू द्या. हे कळल्यानंतर लेव्हल वाढताना पॉइंट कसे वाटायचे तेही बदलतं: तीन वेळा आयुष्य, एकदा स्टॅमिना. स्टॅमिनाच्या दर 10 पॉइंटांमागे वजन वाहण्याची क्षमता 5 ने वाढते, म्हणून तो अगदीच सोडू नका. मॅजिकाला (जादूच्या शक्तीला) हात लावायचा नाही.

कुऱ्हाडी शोधत फिरण्यात वेळ घालवू नका. नावाच्या दुर्मीळ कुऱ्हाडी आहेत. व्होलुनरूडमधली ओकिन थंडीचं डॅमेज करते, आणि डॉनगार्ड विस्तारातली रून अॅक्स मारलेल्या प्रत्येक चालत्या मुडद्यामागे तापत जाऊन सूर्योदयाला पुन्हा थंड होते. ड्रॉगरने (चालत्या मुडद्यांनी) भरलेल्या थडग्यात ती अप्रतिम. पण यांची जोडी मिळत नाही, आणि दोन हातांच्या बिल्डला जोडी लागते. सुरुवातीला कम्पॅनियन्स या योद्ध्यांच्या गटात सामील व्हा. पहिलं मोठं काम झाल्यावर त्यांचा लोहार इओर्लुंड ग्रे-मेन त्याच्या स्कायफोर्ज भट्टीतलं एक शस्त्र तुमच्या पसंतीने देतो, आणि दुसरं त्याच्याकडूनच विकत घेता येतं. ही पोलादी कुऱ्हाड डॅमेजमध्ये एल्व्हन कुऱ्हाडीच्या तोडीची आहे, पण धार लावायला साधं पोलाद आणि स्टील स्मिथिंगचा एक पर्क पुरतो. पंचविसाव्या लेव्हलपर्यंत दुसरं काही लागत नाही.

त्यापुढची ताकद ऐरणीवरच बनते. त्या धातूचा पर्क असेल तर स्मिथिंग (लोहारकामाचं कौशल्य) 91 वर शस्त्र लेजंडरी दर्जाचं होतं. पर्क नसेल तर 168 लागतं, म्हणजे औषधं आणि जादूच्या अंगठ्यांशिवाय अशक्य. सरावासाठी लोखंडी खंजिरांचा ढीग लावायचा जुना सल्ला आता उपयोगाचा नाही, कारण अनुभव बनवलेल्या वस्तूच्या किमतीवर मिळतो. ड्वार्व्हन धनुष्य बनवा: दोन ड्वार्व्हन धातूच्या लगडी, एक लोखंडाची. धातू ड्वेमर या नाहीशा झालेल्या जमातीच्या अवशेषांत पोत्यांनी पडलेला असतो. आणि एक क्रम पक्का ठेवा: आधी चाकावर धार, मग जादू. जादू झालेल्या शस्त्राला धार लावायला आर्केन ब्लॅकस्मिथ हा वेगळा पर्क लागतो. क्रम सांभाळला तर तो पॉइंट वाचतो.

जादू करावी की नाही हा या बिल्डमधला खरा पेच आहे. एलिमेंटल फ्युरी हा शाउट (शब्द उच्चारून वापरायची शक्ती) पंधरा सेकंद वारांचा वेग वाढवतो, पण जादू केलेल्या शस्त्रावर चालत नाही. त्यामुळे एक तर दोन साध्या, धारदार कुऱ्हाडी आणि फ्युरी, नाही तर दोन जादूच्या कुऱ्हाडी आणि फ्युरीला कायमचा रामराम. दोन्ही वापरून पाहिल्यावर माझा कौल साध्या कुऱ्हाडींना. दोन हातांनी भराभर घाव घालताना जादूचा चार्ज दोन्हीकडून वितळतो आणि आत्मे साठवणाऱ्या सोल जेम खड्यांनी तो भरत बसणं हाच उद्योग होऊन बसतो. जादू हवीच असेल तर एकीवर आग घाला. ड्रॉगर थंडीला दाद देत नाहीत, म्हणून थंडी नको. दुसरीवर मरणाऱ्याचा आत्मा सोल जेममध्ये पकडणारा सोल ट्रॅप अगदी एक सेकंदाचा ठेवा. कालावधी छोटा असला की चार्ज पुष्कळ घावांना पुरतो, आणि जीव जाणाराच घाव असेल तर एक सेकंद भरपूर होतो.

जादूची खरी जागा अंगावर आहे. अंगठी, हार, हातमोजे, बूट या चारही जागी फॉर्टिफाय वन-हँडेड (ते कौशल्य वाढवणारी जादू) बसतं. एन्चांटिंग (वस्तूंवर जादू घालण्याचं कौशल्य) 100 आणि त्यातले पर्क असतील तर प्रत्येकी 40 टक्के. लढाईआधीच्या औषधासाठी अस्वलाच्या नख्या आणि हँगिंग मॉस एकत्र करा. वन-हँडेड वाढतं, आयुष्यही वाढतं. सोबत मॅजिका हळू भरण्याचा दोष येतो, पण या पात्राला मॅजिकाशी देणंघेणंच नाही.

सगळ्यात जास्त मरण येतं ते जादूगारांकडून. चिलखताचे 80 टक्के आगीपुढे शून्य. रिफ्टन शहरातल्या मारा देवीच्या देवळातलं प्रेमाच्या पुस्तकाचं काम पूर्ण केलं की जादूपासून 15 टक्के कायमचं संरक्षण मिळतं. त्यात मॉर्थलच्या पूर्वेच्या डोंगरावरच्या लॉर्ड स्टोन या वरदान देणाऱ्या शिळेचे 25 टक्के आणि 50 आर्मर मिळवा. अंतर कापायला व्हर्लविंड स्प्रिंट हा झटकन पुढे नेणारा शाउट ठेवा. जादूगाराच्या अंगाला भिडलात की तो दोन कुऱ्हाडींपुढे चार सेकंद टिकत नाही. ड्रॅगन जमिनीवर उतरला तर त्याच्या तोंडासमोर उभं राहू नका, मानेच्या बाजूला राहा. आयुष्य कमी असताना समोर सापडलात तर तो तोंडात धरून एका झटक्यात संपवतो.

सोबती निवडताना एक म्हण अक्षरशः लागू पडते: कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ. दोन कुऱ्हाडींचा तिहेरी घाव समोरचं जे असेल ते कापतो, त्यात तुमची सोबतीण लिडियाही येते. तलवार घेऊन पुढे घुसणारा सोबती या बिल्डमध्ये टिकत नाही. मागून बाण मारणारी एला घ्या. गावात लढताना पहारेकऱ्याला घाव लागला तर मारहाणीचे 40 नाणी दंड लागतात, तेव्हा गर्दीत पॉवर अटॅक टाळा.

लेजंडरी कठीणतेवर तुमचं डॅमेज पाव होतं आणि अंगावर येणारं तिप्पट. तिथे सूप, औषध आणि 567 आर्मर या तिन्हींपैकी एक जरी चुकलं तरी पात्र कोसळतं. हा बिल्ड चांगला अनुभवायचा असेल तर एक्स्पर्ट ही योग्य पातळी वाटते: डॅमेज 0.75 पट, अंगावर 1.5 पट. तिथे सावध राहावं लागतं, पण प्रत्येक लढाईची आकडेमोड करावी लागत नाही.

शेवटी एक त्रास, जो कितीही अनुभव झाला तरी डोकं फिरवतो. दोन्ही कुऱ्हाडी हुबेहूब सारख्या असतील तर पिशवीत त्या एकाच ओळीत दिसतात, आणि फेव्हरिट्सच्या (आवडत्या वस्तूंना दिलेल्या) बटणाने दोन्ही हातांत नीट येत नाहीत. धनुष्य वापरून परत कुऱ्हाडींवर यायचं असलं की एकच हातात येते आणि दुसरा हात रिकामा राहतो. उपाय सोपा आहे: एकीला दुसरीपेक्षा एक पायरी कमी धार लावा, म्हणजे गेम त्यांना दोन वेगळ्या वस्तू मानतो. मग एक बटण उजव्या हाताच्या कुऱ्हाडीला, दुसरं डाव्या हाताच्या. ड्रॅगन झेपावत असताना मेनू उघडावा लागत नाही.